घरगुती सीएनसी राउटर: माप आणि प्रकार ठरवण्याचा योग्य क्रम

सीएनसी राउटर म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर बीट, म्हणजे फिरतं कापणारं पातं, चालवून लाकूड कापणारं आणि कोरणारं मशीन. बहुतेक जण आधी मोटर, ड्रायव्हर (मोटर चालवणारं कार्ड) आणि स्क्रूचा संच मागवतात आणि मग त्या स्क्रूच्या लांबीत बसेल तेवढं मशीन बांधतात. काही जण प्लायवूडची अख्खी शीट मावली पाहिजे म्हणून थेट आठ बाय चारपासून सुरुवात करतात. पहिल्यांचं मशीन दाराच्या पल्ल्याला दोन इंचांनी अपुरं पडतं. दुसऱ्यांचं मशीन सागवानात बीट उतरलं की थरथरतं आणि कोरीव कामावर लाटा उमटतात. दोघांचीही चूक एकच: क्रम उलटा.

गावात, छपरीत किंवा टिनाच्या शेडमध्ये लाकूडकामासाठी मशीन बांधू पाहणाऱ्यांसाठी हा क्रम आहे. आधी काम, मग बिटाचा प्रवास, मग जागा, मग मशीनचा प्रकार, मग गॅन्ट्रीचा (बेडवर उभ्या, बीट धरणाऱ्या कमानीचा) पूल, मग रेल आणि स्क्रू, मग स्पिंडल (बीट फिरवणारी मोटर), मग वीज. नववा टप्पा येईपर्यंत एकही पार्ट मागवू नका. तोवर वही, मीटर टेप, खडू, दोरी आणि मल्टिमीटर एवढ्यावर भागतं.

टप्पा 1: कामांची यादी

येत्या वर्षभरात खरोखर हातात येतील अशी दहा कामं लिहा. मशीनवर काय काय जमू शकेल याची यादी नको, गिऱ्हाईक कशाचे पैसे देईल त्याची हवी. प्रत्येक कामापुढे लांबी, रुंदी, जाडी आणि माल लिहा. गावाकडच्या सुताराची यादी साधारण अशी निघते (सगळी मापं मिमीमध्ये):

- देव्हाऱ्याची जाळी: 600 × 300, 12 मिमी एमडीएफ
- नामफलक: 600 × 250, 18 मिमी सागवान किंवा अॅक्रिलिक
- दाराचा पल्ला: 2057 × 914 (81 × 36 इंच), 32 मिमी सागवान
- पलंगाचं डोकं: 1830 × 600, 18 मिमी प्लाय किंवा एमडीएफ
- तान्ह्या पोळ्याचे नंदी: 300 × 250, जाडी 100 मिमी
- दुकानाच्या पाटीसाठी एसीपी (अॅल्युमिनियमचं आवरण असलेली) शीट: 2440 × 1220, 3 मिमी

आता यादीतल्या सगळ्यात मोठ्या तुकड्यावर बोट ठेवून "एवढं मशीन पाहिजे" म्हणू नका. दहातली आठ कामं ज्या मापात बसतात ते माप धरा. उरलेल्या दोनांसाठी युक्ती शोधा, आणि युक्ती बहुतेक वेळा असते.

नंदीचंच पाहा. 100 मिमी जाडीचा बैल अखंड कोरायचा म्हटला तर गॅन्ट्री तेवढी उंच उचलावी लागते, बीट लांब लागतं, आणि लांब बीट लवचिक असतं. त्यापेक्षा 50 मिमीच्या दोन फळ्यांतून डावा आणि उजवा अर्धा वेगवेगळा कोरा, आतल्या सपाट बाजूला 8 मिमीच्या दोन खुंट्या ठेवा आणि सरस लावून जोडा. सांधा पाठीच्या कण्यावर येतो, रंगाखाली दिसत नाही. फळी सपाट बाजू खाली ठेवून एकदाच बांधायची असते, उलटवण्याची भानगड राहत नाही. त्या एका कामासाठी झेड, म्हणजे बिटाचा वर-खाली प्रवास, दुप्पट करायची गरज संपली.

लांब तुकड्यांसाठी दुसरी युक्ती आहे: बेडची (तुकडा ठेवायच्या पाटाची) दोन्ही टोकं मोकळी ठेवायची. पल्ला पुढून आत घालायचा, अर्धा कोरायचा, पुढे सरकवायचा आणि उरलेला अर्धा कोरायचा. 1200 लांबीच्या बेडवर 2057 चा पल्ला दोन खेपांत होतो. त्यासाठी बेडवर एका सरळ रेषेत 8 मिमीची भोकं मशीननेच पाडून घ्या आणि पल्ला त्यातल्या खुंट्यांना टेकवून सरकवा. दोन खेपांच्या सांध्यात पाव मिलिमीटरचा फरक राहू शकतो. म्हणून नक्षी आखताना सांधा वेलबुट्टीच्या मधोमध येऊ देऊ नका, दोन नक्षींमधल्या कोऱ्या पट्टीत आणा.

इशारा: एसीपीच्या पाट्या हेच मुख्य काम असेल तर ही युक्ती अपुरी आहे. 1220 रुंदीची शीट गॅन्ट्रीच्या दोन पायांमधून आरपार जायला हवी. ती गरज आताच लिहून ठेवा, पुढची सगळी मापं त्यावर बदलतात.

टप्पा 2: बिटाचा प्रवास, आणि प्रवासातून मशीनचं माप

इथे तीन मापांची गल्लत होते. पहिलं माप बिटाच्या टोकाचा प्रवास, दुसरं गॅन्ट्रीच्या पायांमधली मोकळी रुंदी, तिसरं मशीनने जमिनीवर व्यापलेली जागा. पुढे ही तिन्ही वेगळीच वाचा.

वरच्या यादीसाठी 900 × 1200 प्रवास धरू. आता हिशोब:

आडव्या दिशेला, म्हणजे एक्सला, स्पिंडलचा गाडा साधारण 180 मिमी रुंद होतो. दोन्ही टोकांना होम स्विच (मशीनला सुरुवातीची जागा दाखवणारा) आणि रबरी थांब्यासाठी 20-20 सोडा. 900 + 180 + 40 = 1120. ही झाली एक्सच्या रेलची लांबी, आणि गॅन्ट्रीच्या पायांमधली मोकळी रुंदीही तेवढीच. म्हणजे बीट 900 फिरतं, पण 914 चा पल्ला आरामात आत शिरतो. पल्ल्यावरची नक्षी काठापासून शंभरेक मिमी आतच असते, त्यामुळे 900 पुरतात.

लांबीच्या दिशेला, म्हणजे वायला, गॅन्ट्रीच्या पायाखालचे दोन ब्लॉक (रेलवर सरकणारे ठोकळे) एकमेकांपासून जितके लांब, तितकी गॅन्ट्री कमी डोलते. पायाची लांबी 250 धरा. 1200 + 250 + 40 = 1490, म्हणजे 1500 ची रेल.

झेडला बहुतेकांचा हात सैल सुटतो. "असू दे 200" म्हणून सोडून देतात. प्रवास असा काढा: सगळ्यात जाड तुकडा 50, वरून क्लॅम्प ओलांडायला 20, आखूड आणि लांब बिटांच्या लांबीतला फरक 40. झाले 110. गॅन्ट्रीखालची मोकळी उंची बेडपासून 90 ते 100 पुरे. झेडचा प्रत्येक जादा मिलिमीटर म्हणजे बिटाचं टोक रेलपासून तेवढं लांब लटकणार. पाना लांब असला की नट सहज फिरतो, त्याच न्यायाने लांब लटकलेलं बीट गाड्याला सहज पिळतं.

तपासणी: चौथा अक्ष, म्हणजे पलंगाचे गोल पाय किंवा खांब कोरायची रोटरी, लागणार असेल तर तिची जागा आत्ताच ठरवा. ती बेडवर ठेवली तर 150 मिमी व्यासाच्या खांबासाठी पूर्ण गॅन्ट्री उंच करावी लागते. बेडच्या पुढच्या टोकाशी एक पट्टा खाली दाबून तिथे बसवली तर गॅन्ट्री ठेंगणीच राहते.

टप्पा 3: जागा, दार आणि काळी माती

आता जमिनीवर खडूने खऱ्या मापात मशीन आखा. 1120 च्या मोकळ्या रुंदीला दोन्हीकडचे पाय, मोटर आणि केबलची साखळी मिळवली की बाहेरची रुंदी 1350 पर्यंत जाते. लांबी मोटरसह 1650. दोन्ही बाजूंना माणसाला फिरायला 600-600 ठेवा. म्हणजे 2550 रुंदी, जी दहा फुटी (3050) खोलीत बसते.

लांबीकडे फसगत होते. आठ फुटी पट्टी आरपार सरकवायची तर 1240 मिमी पुढे आणि तेवढीच मागे बाहेर येते. एकूण ओळ चार मीटरच्या आसपास जाते, बारा फुटी खोली 3650 ची. म्हणून मशीन दाराच्या किंवा खिडकीच्या रेषेत ठेवा, पट्टी छपरीत निघू द्या. खडूच्या आखणीवर खरोखर एक आठ फुटी पट्टी घेऊन दोघांनी ती पुढे-मागे करून पाहा. कोपर भिंतीला लागतं का, ते तेव्हाच कळतं.

इशारा: घराच्या दाराची मोकळी रुंदी चौकट वजा करता 800 ते 850 असते. खोलीत अखंड वेल्ड केलेलं 1350 चं मशीन तिथून कधीच बाहेर निघणार नाही. पाया एक, गॅन्ट्रीचे पाय दोन, पूल एक, असे चार भाग नटबोल्टने जोडलेलेच ठेवा.

आता विदर्भातला खास मुद्दा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यावर थेट कोबा किंवा फरशी असेल तर जमीन ऋतूप्रमाणे वर-खाली होते. फ्रेमचा एक पाय 2 मिमी वर गेला की फ्रेमला पीळ बसतो. बीट बेडच्या एका कोपऱ्याला खोल आणि दुसऱ्याला उथळ कापायला लागतं, आणि लोक महिनाभर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात.

जमेल तर चार पायांखाली दीड-दोन फूट काळी माती काढून मुरूम भरून ठोका आणि वर काँक्रीटचे पाट टाका. जमलं नाही तरी प्रत्येक पायाला जाड बोल्टचा उंची बदलता येणारा तळ हवाच. वर्षातून दोनदा, जुलैत आणि मेमध्ये, फ्रेमचा पीळ दोन दोऱ्यांनी तपासा:

फ्रेमच्या चारही कोपऱ्यांवर एकाच जाडीचे लोखंडी तुकडे ठेवा. समोरासमोरच्या कोपऱ्यांत बारीक नायलॉनची दोरी ताणून बांधा, दुसऱ्या कर्णावर दुसरी. मधोमध दोन्ही दोऱ्या एकमेकींना जेमतेम स्पर्शल्या पाहिजेत. मग खालची दोरी वर आणि वरची खाली घेऊन पुन्हा पाहा. एका वेळी फट दिसते आणि दुसऱ्या वेळी दोरी दाबली जाते, असं झालं तर फ्रेमला पीळ आहे. फट पडते तेव्हा वर असलेल्या दोरीचे दोन कोपरे उंच आहेत. त्यातल्या एका पायाचा बोल्ट थोडा खाली घ्या आणि पुन्हा ताणून पाहा. पाणसळीला हा पीळ लवकर सापडत नाही, दोरीला सापडतो.

टप्पा 4: प्रकार निवडा

फिरती गॅन्ट्री. तुकडा बेडवर स्थिर, पूल पुढे-मागे जातो. जागा कमी खातो आणि लांब पल्ला आरपार काढता येतो. पल्ले, जाळ्या आणि पलंगाच्या कामाला हाच घ्या. तोटा असा की पुलाचं सगळं वजन चार ब्लॉकवर चालतं, त्यामुळे पाय लवचिक असले की पूल डोलतो.

फिरता बेड. पूल जमिनीला धरून पक्का, खाली बेड सरकतो. पूल हवा तेवढा जड करता येतो, म्हणून अॅल्युमिनियम आणि कडक लाकडात कापणी स्वच्छ येते. पण बेडला प्रवासाच्या दुप्पट लांबी लागते आणि लांब पट्टी आरपार नेता येत नाही. 400 × 400 पर्यंतचे नामफलक, अॅक्रिलिक, शिक्के, छोटे पार्ट एवढंच काम असेल तर हाच प्रकार उजवा. 600 × 600 च्या पुढे याच्या वाटेला जाऊ नका.

पाइपवर चालणारं, 3डी प्रिंटरवर छापलेले प्लास्टिकचे सांधे असलेलं पट्ट्याचं मशीन. एमडीएफच्या जाळ्या आणि शिकणं यासाठी ठीक. सागवान आणि बाभळीत ते टिकत नाही. टिनाखाली मेच्या दुपारी पीएलएचे (अशा छपाईच्या नेहमीच्या प्लास्टिकचे) सांधे मऊ पडतात, कारण ते प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास आकार सोडतं आणि गरम मोटरला चिकटलेला सांधा तिथपर्यंत सहज पोचतो.

प्लायवूड किंवा एमडीएफची फ्रेम बऱ्याच नकाशांत दिसते. आपल्याकडे ती नको. पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, आणि वाळवी लागली तर विचारायलाच नको. चौरस लोखंडी पाइप गावातला कुठलाही वेल्डर जोडून देतो.

टप्पा 5: गॅन्ट्रीचा पूल

मशीन नीट होणार की नाही ते बहुतेक इथेच ठरतं, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

दोन टोकांवर टेकलेल्या पुलाचा वाक लांबीच्या घनात वाढतो. लांबी दुप्पट केली की वाक आठ पट. आठ बाय चारचं स्वप्न याच गणितात अडकतं.

आकडे घेऊन पाहू. पुलाच्या मध्यावर 10 किलोचा, म्हणजे साधारण 100 न्यूटनचा, जोर लावला तर:

- हलक्या जातीचं 40 × 40 अॅल्युमिनियम प्रोफाइल, 1000 मिमी: साधारण 0.3 मिमी वाक
- 80 × 80 × 4 चौरस लोखंडी पाइप, 1000 मिमी: 0.009 मिमी
- तोच पाइप, 1500 मिमी: 0.03 मिमी

म्हणजे 40 चं प्रोफाइल एक मीटरच्या पुलाला चालत नाही. ते 400-500 मिमीपर्यंतच घ्या. 80 चा पाइप मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतो, आणि ते वजन इथे कामाला येतं.

पण वाकापेक्षा घातक असतो पीळ. स्पिंडल पुलाच्या पुढे लटकतो, बीट त्याच्याही खाली. बीट लाकडात ओढलं की ते पूल पिळायला बघतं. इथेच गावोगावी होणारी चूक: वेल्डरकडे सी चॅनल पडलेलं असतं, "हे जास्त मजबूत" म्हणून पुलाला तेच लावलं जातं. 100 मिमीचं सी चॅनल आणि 80 × 80 × 4 पाइप मीटरला जवळपास सारख्याच वजनाचे. पण पिळाला चॅनलपेक्षा पाइप सुमारे शंभर पट ताठ असतो, कारण पाइप चारही बाजूंनी बंद आहे आणि चॅनलची एक बाजू उघडी. कागदाची गुंडाळी करून दोन्ही हातांनी पिळा, मग तीच लांबीत चिरून पिळा. फरक हाताला कळेल.

म्हणून 900 प्रवासाला 80 × 80 × 4 चा एक पाइप, किंवा 50 × 50 चे दोन पाइप एकावर एक ठेवून मागून 5 मिमीची पट्टी जोडलेला पेटीसारखा पूल. 1220 च्या पुढे 100 × 100 × 5. गॅन्ट्रीचे पाय 12 मिमी लोखंडी प्लेटचे, मागून तिरपा आधार दिलेले.

वेल्डिंगचा क्रमही महत्त्वाचा. सलग रेघ ओढली की पाइप उष्णतेने धनुष्यासारखा वाकतो. आधी सगळीकडे टाके, मग समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून 25-30 मिमीचे तुकडे, मध्ये थंड होऊ देत. एवढं करूनही रेल बसायची बाजू सपाट राहत नाही. ती नागपूरला हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत, नाहीतर अकोला-अमरावतीच्या एमआयडीसीत, मिलिंग करून घ्या. 1500 लांबी एका दमात मावेल असं मशीन त्या वर्कशॉपमध्ये आहे का, हे फोनवर विचारूनच पाइप गाडीत टाका. दोन वेळा सरकवून मिलिंग केलं की मधोमध पायरी राहते.

टप्पा 6: रेल आणि स्क्रू

रेलचे तीन प्रकार बाजारात मिळतात. दोन टोकांवर टेकलेला गुळगुळीत गोल रॉड मध्ये झोळ खातो, 400 मिमीच्या पुढे घेऊ नका. खालून आधार असलेला एसबीआर16 किंवा एसबीआर20 स्वस्त आणि बऱ्यापैकी, पण त्याचा ब्लॉक एका बाजूने उघडा असतो. ब्लॉक रेलपासून ओढला जाईल अशा बाजूला तो कमकुवत पडतो. तिसरी चौकोनी रेल, एचजीआर15 किंवा एचजीआर20. बजेट ताणायचंच असेल तर इथे ताणा. 900 × 1200 ला एक्स आणि झेडला 15, वायला 20. प्रत्येक रेलवर दोन ब्लॉक, कमी नको.

स्क्रूचं गणित लांबीशी बांधलेलं आहे. 16 मिमी व्यासाचा, 5 मिमी पिचचा (एका फेरीत 5 मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू, म्हणजे नटात गोळ्या फिरणारा 1605 स्क्रू, दीड मीटरपर्यंत मिनिटाला 3 मीटर वेगाने विनातक्रार चालतो. तोच 2400 मिमी लांब घेतला तर मिनिटाला 350 फेऱ्यांच्या आसपास दोरीउडीच्या दोरीसारखा उडायला लागतो, म्हणजे वेग पावणेदोन मीटरवरच अडकतो. आठ फुटी मशीनला त्यामुळे रॅक आणि पिनियनच (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक) लागतो.

गॅन्ट्रीची रुंदी 600 च्या वर गेली की वायला दोन्ही बाजूंना स्वतंत्र स्क्रू आणि मोटर द्या. मधोमध एकच स्क्रू लावला तर बीट एका टोकाला असताना पूल तिरपा होतो आणि चौकोन समांतरभुज निघतो.

इशारा, वीज जाणाऱ्या गावांसाठी: बॉलस्क्रूला घर्षण इतकं कमी असतं की वीज गेली, मोटरची पकड सुटली, की जड स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली घसरू शकतो. बीट अजून फिरत असतं आणि ते कोरलेल्या तुकड्यात शिरतं. झेडला एकधारी (एकच आटा असलेला) ट्रॅपेझॉइडल स्क्रू घ्या, तो स्वतःहून फिरत नाही. नाहीतर ब्रेकची मोटर लावा किंवा गाड्याला गॅस स्प्रिंगचा आधार द्या. 3डी प्रिंटरमधला 8 मिमी व्यासाचा चारधारी स्क्रू यात मोजू नका, तोही घसरतो.

टप्पा 7: स्पिंडल

थोडक्यात. नामफलक आणि जाळीला 800 वॉट पुरतो. 900 × 1200 आणि सागवानाला 1.5 किलोवॉट. 2.2 किलोवॉट तेव्हाच घ्या, जेव्हा दाराच्या पॅनेलची मोठी प्रोफाइल बिटं लावायची असतील. त्यांची दांडी बहुधा 12.7 मिमी असते आणि तिला निदान ईआर20 कोलेट (बीट आवळून धरणारी बाही) लागतो. ईआर11 सात मिमीच्या पुढे पकडत नाही. खूप जण 2.2 घेतात आणि त्यावर आयुष्यभर 6 मिमीची बिटं चालवतात. तेवढं जादा वजन गॅन्ट्री उगीच वाहते.

पाण्याने थंड होणारा घेतला तर बोअरचं क्षारयुक्त पाणी घालू नका, आत थर धरतो. आरओचं पाणी वापरा, वीस लिटरचा डबा सावलीत ठेवा आणि उन्हाळ्यात त्याला ओलं बारदान गुंडाळा.

टप्पा 8: वीज, मोजून

हा टप्पा लोक मशीन बांधून झाल्यावर करतात, आणि मग स्पिंडल बदलावा लागतो. आठवडाभर रोज तीनदा, सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी, जिथे मशीन बसणार त्याच बोर्डावर व्होल्टेज मोजून लिहा. एखादं मोठं यंत्र, पिठाची गिरणी किंवा पंप, चालू असतानाही मोजा. 220 व्होल्टचे व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारे ड्राइव्ह) साधारण 15 टक्के चढउतार सोसतात, म्हणजे 187 पर्यंत. त्याखाली ते बंद पडतात, आणि ते नेमके खोल काप चालू असतानाच पडतात. आकडे 190 च्या खाली जात असतील तर स्टॅबिलायझर बजेटमध्ये आजच लिहा, किंवा 2.2 चा विचार सोडून 1.5 वर या.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार पाहा. तो एक किलोवॉट असेल तर आधी वाढवून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवरून वर्कशॉप चालवणं हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो, शिवाय तो फीडर दिवसभर चालू नसतो.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, काळ्या मातीत तर भेग पडून सळईपासून माती सुटते. मार्च ते जून त्यात नियमित पाणी ओता. अर्थिंग कच्चं असलं की व्हीएफडीचा विद्युत गोंगाट लिमिट स्विचच्या (मशीन टोकाला गेलं की थांबवणाऱ्या स्विचच्या) वायरीत शिरतो आणि मशीन मध्येच विनाकारण थांबतं.

वीज जाणारच आहे असं धरून होम स्विच तिन्ही अक्षांवर लावा आणि प्रत्येक कामाचा शून्यबिंदू होमपासून किती अंतरावर आहे ते वहीत लिहा. वीज आल्यावर होम करून तिथेच परत जाता येतं. होम स्विच नसेल तर अर्धवट पल्ला जळणात जातो.

तपासणी: कंट्रोल पॅनेल टिनाच्या भिंतीला टेकवून बसवू नका. बरेच व्हीएफडी 40 अंश भोवतालच्या तापमानाला पूर्ण क्षमतेचे धरलेले असतात. चंद्रपूर-नागपूरकडे मेमध्ये सावलीतच 45 होतात. पॅनेलला पंखा, हवा आत येते तिथे भुशासाठी कापडी गाळणी, आणि जड कामं सकाळी.

टप्पा 9: कागदावरची शेवटची चाचणी आणि खरेदी

आता वहीत एका पानावर लिहा: प्रवास, मोकळी रुंदी, बाहेरचं माप, प्रकार, पुलाचा पाइप, रेल, स्क्रू, स्पिंडल, सर्वात कमी व्होल्टेज. दहा कामांची यादी शेजारी ठेवा आणि प्रत्येक काम या मशीनवर मनात करून पाहा: तुकडा कुठून शिरतो, कुठे बांधला जातो, किती खेपा, बाहेर कुठे निघतो. आठपेक्षा कमी कामं जमली तर टप्पा 2 वर परत जा.

900 × 1200 निवडण्यात एक सोय आहे. त्याचा कर्ण बरोबर 1500 येतो, गवंड्याच्या 3-4-5 सारखा. मशीन तयार झाल्यावर बेडवर चार कोपऱ्यांना भोकं पाडा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन कर्णांत 1.2 मिमी फरक म्हणजे 1200 लांबीत गॅन्ट्री 1 मिमी तिरपी. एका बाजूचा होम स्विच तेवढा सरकवा.

ताठपणा तपासायला कापूस मोजायचा लटकता स्प्रिंगचा काटा घ्या. मोटर चालू ठेवून, बिटाच्या जागी लावलेली गोल सळई 10 किलोने आडवी ओढा आणि समोर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं मोजयंत्र) धरा. 0.15 मिमीच्या आत हललं तर सागवानाला मशीन चांगलं. 0.5 दाखवलं तर आधी झेडच्या गाड्याचे बोल्ट पाहा, मग गॅन्ट्रीचे पाय, पूल सर्वात शेवटी.

खरेदी तीन खेपांत करा. पहिल्या खेपेला रेल, ब्लॉक आणि बॉलस्क्रू. 1605 मागवताना टोकं बीके12 आणि बीएफ12 सपोर्टच्या मापात मशीन केलेली आहेत याची खात्री करा. पार्ट हातात आले की ब्लॉकची उंची व्हर्नियरने मोजा. एचजीएच15 ची (एचजीआर15 रेलच्या ब्लॉकची) 28 मिमी आणि एचजीएच20 ची 30 मिमी यायला हवी. ती मोजल्यावरच दुसऱ्या खेपेला लोखंड कापायला द्या. मोटर, ड्रायव्हर, व्हीएफडी आणि स्पिंडल तिसऱ्या खेपेला, गॅन्ट्री हाताने ढकलून टोकापासून टोकापर्यंत न अडता जायला लागली की मगच. आधी मागवलेला ड्रायव्हर फ्रेम तयार होईपर्यंत खोक्यातच पडून राहतो, आणि तो बिघडलेला निघाला तर परत करायची मुदत तोवर संपलेली असते.